आधी मोजे, मग चड्डी

माझी बायको हफीजा गेली त्याला वर्ष झालं. ती गावी होती, दापोलीकडे. मी इथे जेद्दात एका कंपनीची स्टाफ-बस चालवतो. बातमी कळून मी पोहोचेपर्यंत दफन होऊन गेलं होतं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मला लिहायचं आहे ते खाजेबद्दल.

पण खाजेचंही हफीजाला सोडून सांगता येत नाही, कारण ही खाज तिच्या उमऱ्याच्या आड आली. हफीजाला उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करायचा होता. पासपोर्ट झाला होता, व्हिसाचं बघत होतो, तेवढ्यात ती गेली. आमच्यात मयत माणसाच्या नावाने जवळच्याला उमरा करता येतो. तो मी करणारच होतो. पण तिचा धाकटा भाऊ यूनुस म्हणाला, "दुल्हाभाई, मी येईपर्यंत थांबा. आपाने मला वाढवलंय. तुम्ही तिच्या नावाचा करा, मी माझा करतो, पण सोबत करू."

यूनुस गावात टेम्पोवर मासळी विकतो. त्याने व्हिसा काढला आणि फोन केला. पुढच्या महिन्याच्या अखेरीस येणार, विमानातच इहराम बांधून उतरणार, विमानतळावरूनच आम्ही दोघं मक्केला जाणार. मासळीचा हंगाम सोडून त्याला जास्त राहता येणार नव्हतं. म्हणजे जे काय करायचं ते त्याच दिवशी.

मी हो म्हटलं, फोन ठेवला आणि दोन्ही हातांनी मांड्या खाजवल्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इहराम म्हणजे पुरुषांसाठी दोन पांढरी कापडं. एक कमरेला, एक खांद्यावर. शिवलेलं काही घालायचं नाही, चड्डीसुद्धा नाही. अशा वेषात काबाभोवती सात फेरे मारायचे आणि मग सफा आणि मरवा या दोन टेकड्यांमध्ये सात खेपा घालायच्या. चांगल्या माणसाच्या मांड्यासुद्धा त्यात घासतात. माझ्या मांड्या चांगल्या नव्हत्या. जांघेपासून खाली लाल चट्टे उतरले होते, कडा उठलेल्या आणि मधे जरा साफ. गावात याला नायटा म्हणतात, शिकलेले लोक गजकर्ण म्हणतात. नाव काहीही असो, हात तिथेच जातो.

माझं वय अठ्ठावन्न. काबासमोर उभं राहून हफीजासाठी दुआ मागायची, आणि एका हाताने खाजवायचं? हे मला नको होतं.

औषध माझ्याकडे होतं. दर सुट्टीनंतर परतताना हफीजा माझ्या बॅगेत एक ट्यूब टाकायची, गावच्या मेडिकलवाल्याकडची. आमच्या भागातून आखातात येणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत ती असतेच. कोकम, सुके सोडे, पापड आणि ट्यूब. कोणी येणार कळलं की इथून फोन जातो, "येताना दोन ट्यूबा टाक." लावली की दोन दिवसांत खाज बंद. खाज बंद झाली की ट्यूब कपाटात. मग खाज परत, ट्यूब परत. असं माझं कितीतरी वर्षं चाललं होतं. मला वाटायचं जेद्दाची हवाच अशी, समुद्रकाठची, घामट. त्यात दिवसभर बसच्या रेक्झिनच्या सीटवर बसायचं.

एका शुक्रवारी सकाळी घरात कोणी नाही असं बघून मी रंगीत तालीम घ्यायची ठरवली. कमरेला एक मोठा टॉवेल, खांद्यावर दुसरा. स्वयंपाकघरापासून हॉलच्या खिडकीपर्यंत जायचं आणि परत यायचं. तिसऱ्या खेपेला मांड्या पेटल्या. चौथ्या खेपेला मी पाय फाकवून चालायला लागलो. तेवढ्यात बाथरूमचं दार उघडलं.

उमाकांत घरातच होता. उमाकांत रेवदंड्याचा, एका शिपिंग कंपनीत हिशेब बघतो. त्याचं कुटुंब पनवेलला असतं. आमच्या फ्लॅटमध्ये तो, मी आणि राहील असे तिघं राहतो.

"सिराजभाई," तो म्हणाला, "काय हरवलं का?"

"नाही. चालतोय."

"याला चालणं म्हणतात? घोडा नुकताच काढून घेतलाय तुमच्या खालून."

"व्यायाम आहे."

"टॉवेलात?"

मी खांद्यावरचा टॉवेल सावरला. त्याने पुढे काही विचारलं नाही. हे मला जरा विचित्र वाटलं, कारण उमाकांत एकदा थट्टा करायला लागला की जेवणापर्यंत सोडत नाही. तो खाली मान घालून त्याच्या खोलीत गेला.

त्याचं कारण संध्याकाळी कळलं. मी कपाटातून ट्यूब काढली तर ती अर्ध्याहून कमी झाली होती. नुसती कमी नव्हती. मी ट्यूब मधेच दाबतो. हफीजा त्यावरून मला कायम बोलायची. ही ट्यूब मात्र शेपटाकडून नीट गुंडाळत आणलेली होती, कडा दुमडून. असं काम आमच्या घरात एकच माणूस करतो. आणि झाकण उघडं होतं. झाकण उघडं टाकणारा माणूसही आमच्या घरात एकच आहे.

मी दोघांना हॉलमध्ये बोलावलं आणि ट्यूब टीपॉयवर ठेवली.

"ही कोण वापरतं?"

उमाकांत म्हणाला, "मला वाटलं राहीलची आहे."

राहील म्हणाला, "मला वाटलं उमाकांतअंकलची आहे. म्हणून तर विचारलं नाही. त्यांना कशाला लाज आणायची?"

राहील श्रीवर्धनचा, पस्तिशीचा, मोबाइलच्या दुकानात सेल्समन. जिमला जातो आणि इतकी घट्ट जीन्स घालतो की ती काढताना घरात आवाज येतो.

"तुला कुठे आहे?" मी विचारलं.

"चाचा, कुठे नाही ते विचारा."

उमाकांतने शर्ट वर केला. पोटावर पट्ट्याच्या बरोबर खाली लाल गोल होते, ओळीने, जशा हिशेबाच्या वहीत तांबड्या खुणा. मी माझी लुंगी जरा वर घेतली. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत राहिलो. कितीतरी महिने एका घरात राहून प्रत्येक जण बाथरूमला कडी लावून एकटाच खाजवत होता.

"मी बाथरूमच्या पायपुसण्याला टॉवेल समजून..." राहील म्हणायला लागला.

"पुढचं सांगू नकोस," उमाकांत म्हणाला.

"यूनुसमामू येतायत ना? मी त्यांना फोन करतो. सहा ट्यूबा आणा म्हणतो. तिघांना दोन-दोन."

"तुझा फोन तुझ्याकडेच राहू दे," उमाकांत म्हणाला. "कंपनीचं कार्ड आहे तिघांकडे, दरवर्षी विम्याचे पैसे कापतात. उद्या डॉक्टर."

क्लिनिक जवळच होतं. तिथला चामडीचा पुरुष डॉक्टर सुट्टीवर होता. त्याच्या जागी बाई होत्या. पाटीवर नाव वाचून राहील दारातूनच मागे फिरला. "आसावरी," तो कुजबुजला. "चाचा, ही आपल्याकडची आहे. इजिप्तची असती तर दाखवलं असतं, आपल्याकडच्या बाईला कसं दाखवायचं?" उमाकांतने त्याला बेल्टला धरून आत घेतलं. बेल्टच धरायला नको होता. राहील ओरडला आणि आत सगळ्यांना आमचं आगमन कळलं.

डॉक्टर आसावरी चाळिशीच्या असतील, सांगलीकडच्या. आम्ही तिघं एका बाकावर बसलो.

"त्रास कोणाला आहे?" त्यांनी विचारलं.

राहीलने माझ्याकडे बोट दाखवलं. मी उमाकांतकडे दाखवलं. उमाकांत भिंतीवरचं चामडीचं चित्र वाचत होता.

"म्हणजे तिघांना," त्या म्हणाल्या. "काका, तुम्ही आधी. पडद्यामागे."

"मॅडम, जागा जरा अडचणीची आहे."

"बुरशीला अडचणीचीच जागा लागते. ओलसर, बंद, अंधारी. दिवाणखान्यात कशाला येईल ती?"

त्यांनी तपासलं, चट्ट्याच्या कडेचा कोंडा खरवडून काचेवर घेतला आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघितला. मग विचारलं, काय लावता? मी खिशातून ट्यूब काढून दिली. त्यांनी मागची बारीक अक्षरं वाचली आणि मान हलवली.

"यात तीन औषधं एकत्र आहेत. एक बुरशीचं, एक जंतूंचं आणि एक स्टिरॉइड, तेही जोरदार. या स्टिरॉइडने खाज थांबते आणि लाली जाते. तुम्हाला वाटतं बरं झालं. बरं काही झालेलं नसतं. फक्त पहारेकरी झोपवलेला असतो. बुरशी मग निवांत पसरते, घर बांधते, पाहुणे बोलावते." त्यांनी आम्हा तिघांकडे बघितलं. "पाहुणे आलेले दिसतायत. वर चामडी पातळ होते ती वेगळीच. मी ही टाकून देते."

त्यांनी टेबलाखालची कचऱ्याची बादली पायाने उघडली.

"नको," मी म्हटलं.

"काका, याने तुमचं वाटोळं झालंय."

"बायकोने दिलेली आहे."

"मग त्यांना फोन करून सांगा, की यापुढे..."

"ती गेली, मॅडम. शेवटची बॅग तिने भरली, तेव्हाची आहे ही."

डॉक्टरबाईंनी बादलीवरचा पाय काढला. ट्यूब माझ्यासमोर ठेवली.

"ठेवा तुम्ही. पण लावायची नाही. झाकणसुद्धा उघडायचं नाही."

"तिला माहीत नव्हतं."

"कोणालाच नसतं. मेडिकलवाल्याला असायला हवं होतं."

मग त्यांनी विचारलं की इतकी घाई कशाची आहे. मी उमऱ्याचं सांगितलं, यूनुसचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "वेळ आहे. जमेल. पण तिघांनी एकाच वेळी उपचार घ्यायचे. एकाने दगा दिला तर तिघांना परत होणार. गोळ्या रोज. नुसतं बुरशीचं मलम देते, ते डागावर आणि डागाच्या बाहेर दोन बोटं लावायचं, कारण बुरशी दिसते त्याच्या पुढे गेलेली असते. खाज थांबली तरी चालू ठेवायचं. डाग गेला तरी पुढे चालू ठेवायचं. मी बंद करा म्हणेन तेव्हा बंद. आणि पहिल्या आठवड्यात खाज वाढेल."

"वाढेल?" राहील उठून उभा राहिला.

"पहारेकरी जागा होणार ना. तेव्हाच जुनी ट्यूब आठवते लोकांना." त्या माझ्याकडे बघत होत्या. "आता पाय दाखवा."

माझ्या पायांच्या बोटांच्या बेचक्यांत पांढरी, भिजल्यासारखी चामडी होती. मला ती कधी दुखली नव्हती म्हणून मी लक्ष दिलं नव्हतं.

"नमाजाआधी वुजूत पाय धुता आणि ओल्या पायांनीच मोजे घालता ना?" त्यांनी विचारलं. "इथे रोज हेच येतं माझ्याकडे. पाय धुतले की प्रत्येक बेचकं पुसायचं, कोरडं करायचं, मग मोजा. आणि अजून एक. कपडे घालताना आधी मोजे, मग चड्डी."

आम्हाला वाटलं त्या चुकून बोलल्या.

"आधी चड्डी," उमाकांत म्हणाला.

"आधी मोजे. उघड्या पायाने चड्डी घातली की पायाची बुरशी चड्डीला पुसली जाते. चड्डी ती वर नेऊन सोडते. काका, तुम्ही बस चालवता ना? तुमची चड्डीही तेच काम करते. खालच्या स्टॉपवर घेते, वरच्या स्टॉपवर उतरवते."

राहील इतका हसला की बाहेरून नर्स बघायला आली.

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. सकाळी तीन माणसं लुंगी गुंडाळून सोफ्यावर बसायची आणि मोजे घालायची. नंतर काळे मोजे घातलेले सहा पाय आपापल्या खोलीत जायचे. सगळं आवरल्यावर उमाकांत मोठ्याने विचारायचा, "क्रम पाळला का?" राहील बेचकी वाळवायला केसांचा ड्रायर वापरायचा. त्याने तो उमाकांतच्या बेचक्यांकडे धरला तेव्हा उमाकांत म्हणाला, "थंड वाऱ्यावर ठेव रे, कोंबडीचं भुजिंग करायचं नाहीये." तिघांचे टॉवेल वेगळे झाले, तिघांच्या बाथरूमच्या चपला वेगळ्या झाल्या. राहीलची जीन्स कपाटात गेली आणि तो सैल सुती पँट घालून दुकानात गेला. तिथे त्याला दोघांनी विचारलं, तब्येत बरी नाही का?

अडलं ते कपड्यांवर. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, कपडे उलटे करून उन्हात वाळवा, कडकडीत. आता जेद्दात ऊन कमी नाही. पण बाल्कनीत कपडे वाळत घातले की दंड होतो, म्हणून सगळे घरातच एसीखाली वाळवतात. एसीत कपडा थंड होतो, वाळला असं वाटतं, पण कमरेची पट्टी आणि शिवणी ओल्याच राहतात. आम्ही वर्षानुवर्षं तेच ओलं नेसत होतो. हफीजा व्हिडिओ कॉलवर मागे लोंबणारे बनियन बघून म्हणायची, "तुमच्याकडे एवढं ऊन पडतं, ते काय फक्त बघायला?"

उन्हासाठी इमारतीची गच्ची होती. गच्चीला कुलूप होतं आणि चावी हारिसकडे, म्हणजे इमारतीच्या राखणदाराकडे. आमचा हारिस इद्रीस, सुदानचा. उंच, शांत आणि नियमांचा पक्का.

मी चावी मागितली. "ममनू," तो म्हणाला. म्हणजे बंदी आहे. वर पाण्याच्या टाक्या आहेत, कोणाला सोडता येत नाही.

माझं अरबी बसपुरतं आहे. डावीकडे, उजवीकडे, उतरा, यल्ला म्हणजे चला. बुरशीला अरबीत काय म्हणतात मला येत नव्हतं. म्हणून मी उन्हाकडे बोट दाखवलं, मग लुंगीकडे, मग हवेत खाजवून दाखवलं. इद्रीस बघत राहिला. मी पुन्हा खाजवून दाखवलं, या वेळी जरा मनापासून. त्याने इकडे तिकडे बघितलं, दार लोटलं आणि आपला पायघोळ झगा घोट्याच्या वर घेतला. पायावर हे एवढे मोठे गोल.

"क्रीम हिंदी," तो खुशीत म्हणाला. "कुवैस!" फार चांगली, असं त्याचं म्हणणं.

"तुला कोणी दिली?"

"राहील."

राहीलला विचारलं तर म्हणाला, "ईदला दिली होती चाचा. बिचाऱ्याला दुसरं काय देणार?"

चावी मिळाली, पण ही क्रीम घात करते हे राहीलने समजावल्यावर इद्रीसचीच अट होती की त्यालाही डॉक्टरकडे न्यायचं. उमाकांत त्याला घेऊन गेला. डॉक्टरबाईंनी चौथा माणूस बघून एवढंच विचारलं, "अजून किती आहात?"

पहिल्या आठवड्यात खाज खरंच वाढली. बस सिग्नलला थांबली की मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी गच्च धरून ठेवायचो, म्हणजे हात दुसरीकडे जायला नको. मागे बसलेले इंजिनियर म्हणायचे, ड्रायव्हर किती लक्ष देऊन चालवतो. एका दुपारी घरी आलो तेव्हा मला राहवेना. कपाट उघडलं, ट्यूब काढली. एक बोट लावलं तर दोन दिवस सुख, हे मला माहीत होतं. ट्यूबवर गावच्या मेडिकलचं लेबल होतं. हफीजाने ती माझ्या लुंगीच्या घडीत ठेवली होती, फुटू नये म्हणून. ती असती तर म्हणाली असती, लावा ना, कशाला सोसता? तिला माझी खाज कधी बघवली नाही. मी बराच वेळ तसाच उभा राहिलो. मग मला यूनुस आठवला, आणि दोन पांढरी कापडं आठवली. ट्यूब ठेवून दिली आणि थंड पाण्याची पट्टी घेऊन बसलो. बसल्या बसल्या थोडा रडलो. खाजेमुळे रडतोय असं धरून चाललो. घरात विचारायला कोणी नव्हतंच.

त्यानंतर खाज हळूहळू उतरली. उतरली तशी राहीलची गडबड सुरू झाली.

"चाचा, खलास. सगळं साफ. आज गोळी नाही."

"तोंड उघड."

"अहो, पण खाजच नाही."

"खाज नसताना घेतो ती खरी गोळी. तोंड उघड. नाहीतर डॉक्टरबाईंना फोन लावतो आणि पायपुसण्याचं सांगतो."

त्याने गोळी घेतली.

यूनुस यायच्या आठवड्यात मी डॉक्टरबाईंना दाखवून आलो. डागाच्या जागी फिकट तपकिरी रंग उरला होता, कडा बसल्या होत्या. "चाला," त्या म्हणाल्या. "निघण्यापूर्वी मांड्यांना बिनवासाचं व्हॅसलीन लावा, घासणार नाही. औषध मात्र चालू ठेवा." इहरामात सुगंध चालत नाही हे त्यांना सांगावं लागलं नाही. जेद्दात राहून त्यांना आमच्यापेक्षा जास्त माहीत झालं होतं.

तो दिवस आला. मी घरीच आंघोळ केली, बेचकी पुसली, इहराम बांधला आणि हफीजाच्या वतीने नियत, म्हणजे उमऱ्याचा संकल्प, केली. राहील गाडी चालवणार होता. उमाकांत दारापर्यंत आला. "सिराजभाई, वहिनींसाठी नीट करा," म्हणाला. मग माझ्या उघड्या पायांकडे बघून म्हणाला, "आज मोजे नाहीत, म्हणजे क्रमाचा प्रश्नच मिटला."

विमानतळावर दारातून पांढऱ्या कापडातली माणसं येत होती. मी यूनुसला चेहऱ्यावरून नाही, चालीवरून ओळखलं. पाय फाकवून, प्रत्येक पावलाला दात आवळत, एका हाताने कमरेचं कापड मांडीपासून लांब धरून.

"या अल्ला," राहील म्हणाला. "ही तर आपलीच चाल."

यूनुसने मला मिठी मारली. "दुल्हाभाई," तो म्हणाला, "विमानात बसून जरा पाय आखडले."

"पाय नाही आखडले. कधीपासून आहे?"

त्याने मिठी सोडली आणि कमरेचं कापड सावरलं. मग म्हणाला, "हंगामभर ओल्या रबराच्या बुटात आणि प्लास्टिकच्या एप्रनात असतो. ट्यूब लावत होतो. मग मौलवीसाहेब म्हणाले, ट्यूबला वास आहे, इहरामात चालणार नाही, म्हणून चार दिवसांपूर्वी बंद केली. तेव्हापासून आग आग होतेय. प्रवासात खाजवून रक्त काढलंय." मग राहीलकडे वळून म्हणाला, "तुझ्या सहा ट्यूबा आणल्यात बॅगेत."

मी राहीलकडे बघितलं. राहील विमानांचं वेळापत्रक वाचायला लागला.

आता करायचं काय? इहराम बांधून नियत केली की उमरा पूर्ण केल्याशिवाय सोडता येत नाही. यूनुसची नियत विमानातच झाली होती. माझी घरी झाली होती. मी वर्षभर थांबलो होतो ते या माणसाबरोबर चालायला, आणि माझे पाय बरे झाले त्या दिवशी याचे गेले. तो म्हणाला, "तुम्ही पुढे व्हा. आपाचं तुम्ही करा. मी मागून रांगत येतो."

"आपाने तुला रांगायला शिकवलं तेव्हा मी शेजारच्या अंगणातून बघितलंय. एकदा बघितलं तेवढं पुरे."

विमानतळाच्या बाथरूममध्ये मी माझं बिनवासाचं मलम आणि स्वच्छ सुती कापड त्याला दिलं. गाडीत तो मागच्या सीटवर बसला, राहीलने एसीचा वारा त्याच्या दिशेने केला. "मामू, पाय जवळ आणू नका," तो दर थोड्या वेळाने सांगत होता, स्वतः मोठा डॉक्टर असल्यासारखा.

हरममध्ये, म्हणजे काबाच्या मशिदीत, पोहोचल्यावर मी व्हीलचेअर घेतली.

"मी बसणार नाही," यूनुस म्हणाला. "मी मासळीची टोपली खांद्यावर वाहणारा माणूस. लोक काय म्हणतील?"

"इथे तुला कोण ओळखतं? तुझ्या गिऱ्हाइकांपैकी कोणी दिसतंय का?"

तो बसला. माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, छाती ही अशी, आणि मी म्हातारा त्याला ढकलतोय. व्हीलचेअरवाल्यांना वरच्या मजल्यावरून फेरे असतात आणि वरचा फेरा लांब असतो. तिसऱ्या फेऱ्याला माझा श्वास लागला. खाली काबा दिसत होता. मी मनात हफीजाचं नाव घेत होतो आणि तोंडाने यूनुसला सांगत होतो, "पाय लांब ठेव." एका इंडोनेशियन म्हातारीने थांबून यूनुसच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्यासाठी दुआ केली, डोळे भरून. यूनुसची मान छातीला लागली.

"दुल्हाभाई, मला लाज वाटते. तिला वाटलं मी लुळा आहे."

"वाटू दे. दुआ फुकट जात नाही. चामडीला लागेल."

मला हसू आलं. मग त्यालाही आलं. त्या जागी असं हसू नये हे आम्हाला दोघांनाही कळत होतं, म्हणून आम्ही ओठ मिटून, खांदे हलवत पुढे गेलो. मागून बघणाऱ्यांना आम्ही रडतोय असं वाटलं असेल. थोडं तेही होतं.

सफा-मरवामध्ये हिरव्या दिव्यांचा एक टप्पा आहे. तिथे पुरुषांनी जरा धावायचं असतं.

"दुल्हाभाई, इथे धावतात," यूनुस म्हणाला.

"मग उतर आणि धाव."

त्याने व्हीलचेअर दोन्ही हातांनी घट्ट धरली. मी धावलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी, एका मासळीवाल्याला पुढे घालून, मी प्रत्येक खेपेला तो टप्पा धावलो. मांड्या कुठे आहेत हे मला आठवलंसुद्धा नाही.

शेवटची खेप मरवावर संपली. मी व्हीलचेअर बाजूला लावली आणि काबाच्या दिशेने तोंड करून उभा राहिलो. हफीजासाठी काय काय मागायचं हे मी वर्षभर ठरवत आलो होतो. हात वर केले. आणि माझ्या मनातून काय निघालं, तर हे सगळं. राहीलचं पायपुसणं, उमाकांतची गुंडाळलेली ट्यूब, इद्रीसचा झगा, डॉक्टरबाईंची बस, आणि तिच्या लाडक्या भावाला मी कसा ढकलत आणलाय ते. ती ऐकते आहे असं धरून मी तिला सगळं सांगत सुटलो. बराच वेळ झाला असावा.

यूनुसने माझं कापड ओढलं. त्याचे डोळे लाल होते. "आपासाठी काय मागितलंत?"

"मागायचं राहिलंच," मी म्हटलं. "तुझ्या चहाड्या सांगत होतो."

"अहो, मग परत वळा ना, आणि मागा! केस कापले की उमरा संपला."

"थांब, दम तर घेऊ दे."

मी दम घेतला. मग पुन्हा वळलो आणि या वेळी तिच्यासाठी मागितलं.